शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, तेव्हा वाड्याने काय करायचं?

जुवारीकाठ

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका महिला मंडळासाठी पानभर मजकूर लिहून काढायचा आहे. रात्री वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीतल्या, एखाद्या घरातून मारहाणीचा, किंचाळण्याचा आवाज आला तर आजूबाजूच्या चार घरांनी काय करायचं, कुठल्या क्रमाने, आणि काय मुळीच करायचं नाही, एवढंच त्यात हवं आहे.

बैठकीत आलेल्या सूचना अशा: पंचाला बोलवा, नवऱ्याला सगळ्या बायकांनी मिळून जाब विचारा, बाईला माहेरी पोचवून या. आणि ‘घरची गोष्ट घरात राहू दे’ म्हणणाऱ्याही होत्याच. फोन करायची बहुतेकींची तयारी आहे, पण ‘नाव दिलं की स्टेशनवर फेऱ्या’ ही धास्ती आहे. बाई स्वतःच ‘काही नाही, पडले’ म्हणाली तर पुढे काय, हेही कुणाला ठाऊक नाही. भाषण नको, कृती हवी. कायद्याचं कलम असेल तर क्रमांकासकट सांगा.

---

आबोली_म्हापसा

जाब विचारण्यापासून सुरुवात करू नका. दहा बायका दारात उभ्या राहिल्या की तो तेवढ्यापुरता गप्प होतो. अकरा वाजता सगळ्या घरी जातात, दार बंद होतं आणि ‘तूच गावभर सांगत फिरतेस’ म्हणून दुसरी फेरी सुरू होते. त्या फेरीचा आवाजही बाहेर येत नाही, कारण तोंड दाबलेलं असतं.

आवाज चालू असताना उपयोगी पडतो तो खंड. बेल वाजवा, गेट वाजवा, बाहेरून हाक मारा, पण कारण तिच्याशी संबंधित नसलेलं द्या. ‘तुमची टाकी भरून वाहतेय, मोटर बंद करा’ किंवा ‘गॅसचा वास कुठून येतोय, तुमचा सिलिंडर बघा बरं’. निमित्त असं हवं की त्याला उठून दारापर्यंत यावं लागेल. ‘काय चाललंय आत?’ हा प्रश्न निमित्त नाही, ते आव्हान आहे. दोघींनी जायचं, गेटच्या आत पाय टाकायचा नाही, तिसरीने अंगणातून फोन लावलेला असायचा. हत्याराचा उल्लेख कानावर आला असेल तर हेही करू नका. आपल्याकडे माडाच्या कामाचा कोयता घराघरात असतो, तो आधी डोक्यात ठेवा आणि थेट ११२ लावा.

फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहूनच ठेवा, कारण त्या क्षणी शब्द सुचत नाहीत. नमुना: ‘फोंडा तालुका, अमुक गाव, अमुक वाडा. देवळाकडून तळीकडे जाताना डावीकडे तिसरं घर, निळं गेट. बाईला मारहाण चालू आहे, आत्ता आवाज येतोय. घरात दोन लहान मुलं आहेत. हत्यार दिसलेलं नाही.’ यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, ‘नवरा-बायकोचं भांडण’ म्हणू नका, ‘मारहाण’ म्हणा. भांडण ऐकलं की घाई राहत नाही. दोन, रात्री वाड्यावर नुसत्या घर क्रमांकावरून घर सापडत नाही, म्हणून खूण द्या आणि एकाला टॉर्च घेऊन मुख्य रस्त्यावर उभं करा. गाडी पुढच्या वाड्यावर फिरून येईपर्यंत वीस मिनिटं सहज जातात.

सगळं शांत झाल्यावर एक काम उरतं. वहीत तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे, आणि तिथे कोण कोण होतं ते लिहा. ‘खूप मारलं’ असं नको. ‘९.४० ला “मारून टाकीन” हे शब्द, मग भांडं आपटल्याचा आवाज, मग मुलाचं रडणं’ असं हवं. सहा महिन्यांनी हीच वही कामाला येते.

---

सोबती६२

एवढ्या लांब जायची गरज असते का? पूर्वी वाड्यावरची वडीलधारी मंडळी दोघांना समोर बसवायची आणि नवऱ्याकडून बॉन्ड पेपरवर लिहून घ्यायची, ‘पुन्हा हात उचलणार नाही’. पंच सही करायचे. बहुतेक वेळा तिथेच मिटायचं. पोलीस आले की संसार मोडतो.

---

सनद_आणि_वही

‘मिटायचं’ म्हणजे वाड्याला ऐकू यायचं बंद व्हायचं. तो बॉन्ड पेपर मोडला म्हणून कुणाला अटक होत नाही. तो एक खाजगी कबुलीजबाब, पुढे पुरावा म्हणून दाखवता येतो इतकंच. दंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो स्वतंत्र गुन्हा आहे: कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५, कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय दखलपात्र आणि अजामीनपात्र. समोर बसवण्यात आणखी एक खोट असते. मारणाऱ्याच्या शेजारी बसून ती खरं बोलणार कशी? तिच्याशी बोलायचंच असेल तर एकटीशी, विहिरीवर, दुकानावर, मुलाला शाळेत सोडताना.

आता जुवारीकाठ यांच्या धास्तीबद्दल. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. पीडितेने स्वतःच यावं अशी अट नाही, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. स्टेशनच्या फेऱ्यांचं म्हणाल तर साक्षीदार बाई असेल तर पोलिसांना तिचा जबाब घ्यायला तिच्या राहत्या घरी यावं लागतं. ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. साठीच्या वरच्या पुरुषांनाही तीच सवलत आहे, सोबती. कोर्टाचं समन्स आलं तर जावं लागेल, ते खोटं सांगत नाही.

पुढची वाट अशी. संरक्षण अधिकारी ‘घरगुती घटना अहवाल’ भरतात, तो नमुना १. तो एफआयआर नव्हे. अनेक जणी तो भरला म्हणजे ‘केस घातली’ असं समजून थांबतात आणि तीन महिने वाट बघत बसतात. त्या अहवालासोबत कलम १२ चा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे गेला तरच कोर्टाचं चाक फिरतं. अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख लावायची आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न करायचा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात साठ दिवस क्वचितच पाळले जातात, म्हणून कलम २३ चा अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागा. जिवाला धोका असेल तर नमुना ३ च्या प्रतिज्ञापत्रावर, समोरच्याला न ऐकताही आदेश मिळू शकतो. त्या प्रतिज्ञापत्रात ‘तो नेहमी त्रास देतो’ एवढंच असलं तर आदेश हाती येत नाही. शेवटच्या तीन-चार घटना तारखांसकट लागतात, आणि तारखा कुठून आणायच्या? आबोलीने सांगितलेल्या वहीतून.

अर्ज कुठे? ती राहते तिथे, तो राहतो तिथे किंवा घटना घडली तिथे. ‘राहते’ यात तात्पुरतं राहणंही येतं. फोंड्याहून पेडण्याला माहेरी आली तर पेडण्याच्या कोर्टातही चालतं.

माहेरी पोचवण्याची घाई मात्र करू नका. ‘एकदा घर सोडलं की हक्क गेला’ हा समज चुकीचा आहेच, पण तिला तिथेच राहायचं असेल तर कलम १७ तिच्या बाजूने आहे. घर नवऱ्याच्या नावावर नसलं, सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती तिथे नांदत असेल तर ते ‘सामायिक घर’ ठरू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० ला सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात हे स्पष्ट केलं.

आणि हे खास गोव्यासाठी. लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर इथल्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते, निम्मा वाटा तिचा. स्थावर मालमत्ता तिच्या संमतीशिवाय तो विकू शकत नाही. म्हणूनच मारहाण वाढते त्या काळात तिच्यापुढे कागद येऊ लागतात: पॉवर ऑफ ॲटर्नी, बक्षीसपत्र, संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज. मंडळाच्या पानावर एक ओळ ठळक लिहा: वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही नाही. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून त्यावर तिचं नाव आहे का तेही बघून ठेवा.

दुसरा गोव्याचाच घोळ सह्यांचा. नोंदणी कार्यालयात पहिली सही झाली, दुसरी राहिली, देवळात लग्न लागलं आणि दोन मुलं झाली. मग तो म्हणतो, ‘ही माझी बायकोच नाही.’ नोंदणीचा प्रश्न वेगळा सोडवावा लागेल, पण हिंसाचाराच्या अर्जाला त्याने अडत नाही, कारण हा कायदा ‘विवाहासारख्या नात्या’लाही लागू आहे.

वकिलाची फी हा अडसर मानू नका. विधी सेवा कायदा १९८७, कलम १२: बाईला मोफत वकील, उत्पन्नाची मर्यादा नाही. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज, किंवा १५१०० वर फोन.

---

परिचारिका_दक्षिण

‘पडले’ या शब्दाबद्दल. रुग्णालयात ती पडले म्हणाली आणि केसपेपरवर तसं लिहिलं गेलं की पुढे तो कागद उलटा तिच्याच विरुद्ध वाचला जातो. सोबत नवरा किंवा सासू असेल तर ती दुसरं काही बोलणारही नाही. म्हणून सोबत जाणारीने नर्सला हळूच सांगायचं, ‘तपासताना हिला एकटीला आत घ्या.’ कारण, कशाने मारलं, किती वाजता, कुणी, हे तिच्या शब्दांत नोंदवून घ्यायचं. मग तो वैद्यकीय-कायदेशीर केस म्हणून नोंदला जातो. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. हिंसाचार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे तिने मागितल्यावर उपचार द्यावेच लागतात, घटना अहवाल भरलेला नसला तरी.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष गळा दाबण्याकडे होतं. बाहेरून मानेवर बरेचदा एकही वळ नसतो. विचारा: आवाज घोगरा झालाय का, गिळताना दुखतं का, क्षणभर शुद्ध गेली होती का, नकळत लघवी झाली होती का. खालची पापणी ओढून आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात का बघा. यातलं एक जरी ‘हो’ असेल तर रात्रीच्या रात्री १०८ बोलवा. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, मडगावचं जिल्हा रुग्णालय, फोंड्याचं उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ ते. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा असेल तर पक्षाघाताचा झटका काही तासांनी, कधी काही दिवसांनीही येतो. ‘गरम पाण्याने गुळण्या कर, सकाळी बघू’ हा सल्ला जीव घेऊ शकतो. ज्याने एकदा गळ्याला हात घातला तो पुढच्या खेपेला कुठवर जाईल याचा भरवसा नसतो, आणि हे पोलिसांनाही याच शब्दांत सांगा: ‘गळा दाबला’. नुसतं ‘मारलं’ नको.

गरोदर बाईला पोटावर लाथ बसली असेल तर रक्तस्राव नसला तरी तपासणी, आजच.

फोटो तीन काढा: चेहऱ्यासकट पूर्ण बाई, मग तो अवयव, मग जवळून, शेजारी पट्टी किंवा पाच रुपयांचं नाणं ठेवून. पहिल्या दिवशी नुसतं लालसर दिसतं, काळंनिळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतं, तेव्हा परत काढा. फाटलेले, रक्ताचे कपडे धुऊ नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते. सावलीत सुकवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. वर्तमानपत्राची पुडी नको, शाई उतरते.

जबरदस्तीचा संबंध झाला असेल तर गर्भनिरोधक गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध दोन्हींसाठी ७२ तासांची मुदत असते, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. आंघोळ केली असेल तरी तपासणीला जायचंच.

---

रात्रपाळी

वरच्या फोटोंना एक जोड. ते व्हॉट्सॲपवर पाठवून फोनमधून पुसू नका. तिथे फोटो दाबला जातो आणि मूळ वेळेची नोंद निघून जाते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि ज्या फोनने काढला त्यात मूळ फाइल राहू द्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र देताना त्या उपकरणाचा तपशील लागतो. दुकानाच्या किंवा इमारतीच्या सीसीटीव्हीत काही आलं असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आत उतरवून घ्या. डीव्हीआरची डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं.

तिचा फोन त्याच्या हाताखाली आहे असंच धरून चाला. व्हॉट्सॲपचं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’, गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग, एकच गूगल खातं दोन फोनवर: या तीन जागांवरून बहुतेक पाळत चालते. पण तिच्या फोनवर हे एकाएकी बंद करू नका. त्याला लगेच कळतं आणि ‘काय लपवतेस’ म्हणून त्याच रात्री मार. १८१ ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला, फोन शेजारणीच्या फोनवरूनच करायचा. अडीअडचणीला बहुतेक स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबलं, काहींवर पाचदा, की आपत्कालीन कॉल जातो. बटणाच्या साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. कुठल्या फोनवर काय चालतं ते शांत दिवशी बघून ठेवा.

गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये तिच्या खात्यावर येतात, पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं तेही विचारा. पैसे अडवून धरणं हीसुद्धा हिंसाचार कायद्याच्या कलम ३ प्रमाणे हिंसाच आहे, आणि कार्ड हरवल्याचं कळवून नवं घेणं हे तिला बाहेर पडण्याआधी करावं लागतं, नंतर नाही.

---

सोबती६२

आणि खोट्या तक्रारी? त्याही असतात.

---

सनद_आणि_वही

असतात, म्हणून तर वेळ, शब्द आणि वळ लिहून ठेवायला सांगतोय. खरं-खोटं ठरवायला कोर्ट आहे, वाड्याने फक्त जे ऐकलं तेवढंच सांगायचं. मोजमाप हवं असेल तर दुसऱ्या बाजूचंही बघा: २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसतं.

---

जुवारीकाठ

सगळ्यांचे आभार, अर्धं पान तर इथूनच उतरवलं. तीन गोष्टी उरल्या. पोलीस आले, ती म्हणाली ‘तक्रार नाही’, आणि ते परत गेले, तर? वाड्यावर भाड्याने राहणारी बाहेरच्या राज्यातली कुटुंबं आहेत, त्यांचं काय? आणि नवरा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला असेल, वर्षातून चार महिनेच घरी येत असेल तर?

---

आबोली_म्हापसा

‘तक्रार नाही’ म्हणाली तर तिच्यावर रागावू नका. रात्री साडेदहाला, तो सहा फुटांवर उभा असताना दुसरं काय म्हणणार? ‘आम्ही एवढं केलं आणि ही उलटली’ हे वाक्य तिच्या कानावर गेलं की पुढच्या वेळी ती हाकच मारत नाही. दोन दिवसांनी एकटी गाठून एवढंच सांगा: ‘त्या रात्री आम्ही ऐकलं. तुला वाटेल तेव्हा ये. दार वाजवायचं नसेल तर मागच्या बाजूला लाल टॉवेल वाळत घाल.’ अशी एक खूण ठरवून ठेवा, आणि मुलांना सांगू नका, मुलं बोलून जातात. मात्र गळा, हत्यार किंवा पेटवण्याची धमकी असेल तर तिच्या होकारासाठी थांबायचं नाही. मुलाला मार बसत असेल तर १०९८, ही मुलांची हेल्पलाइन.

बाहेर पडायचं तिने ठरवलं तर तो काळ सगळ्यात धोक्याचा, म्हणून तारीख वाड्यावर दोघींपलीकडे कुणाला नको. पिशवी तिच्या घरी नाही, शेजारी: आधार, रेशनकार्ड, लग्न नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, रोजची औषधं, एक किल्ली. काही राहिलं तर परत जायचं नाही. दाखल्याची प्रत पुन्हा मिळते, आणि वस्तू व स्त्रीधन परत मिळवून द्यायला हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली कोर्ट आदेश देऊ शकतं, पोलिसांची मदतही. त्या रात्रीपुरता निवारा सरकारच्या सखी केंद्रात, तिथे साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येतं. पुढची सोय त्याच मुदतीत लावावी लागते, नाहीतर सहाव्या दिवशी ती परत त्याच दारात. ‘गणेशाची चवथ होऊ दे, मग बघू’ म्हणत महिना ढकलू नका. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तेव्हा तो सांभाळून असतो. पाहुणे गेले की सगळं साचलेलं बाहेर येतं.

---

सनद_आणि_वही

भाडेकरूंचं सोपं आहे. तात्पुरतं राहणंही पुरतं हे वर आलंच. अडतं ते भाषेवर. कन्नड किंवा हिंदी बोलणारी एक जण मंडळात धरून ठेवा, आणि दुभाषा म्हणून त्याच घरातलं मूल कधीच वापरू नका. घरमालकाने ‘कटकट नको’ म्हणून खोली रिकामी करायला लावली तर नवरा कुठे गेला तेही कळत नाही आणि तीही रस्त्यावर. मालकाशी मंडळाने आधीच बोलून ठेवावं.

तारवटी नवऱ्याच्या बाबतीत वेळ साधायची. तो जहाजावर असताना अर्ज तयार करा, पण त्याचा जहाजाचा करार, कंपनीचं नाव, पगाराच्या पावत्या, पैसे येतात त्या खात्याचा तपशील यांचे फोटो आधी काढून ठेवा. निर्वाहाच्या रकमेसाठी दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, हा २०२० मधला रजनेश विरुद्ध नेहा निकाल. तो ‘सध्या घरी बसलोय’ असं लिहून देणार, तेव्हा हे फोटो लागतात. त्याच निकालाप्रमाणे निर्वाह अर्जाच्या तारखेपासून मिळायला हवा, म्हणून अर्ज लांबवलात तितके महिने बुडाले.

पोलीस एफआयआर घेत नसतील, नुसती अदखलपात्र नोंद करून पाठवत असतील तर तक्रार लेखी द्या, प्रतीवर शिक्का आणि वेळ घ्या, मग नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३(४) प्रमाणे तीच प्रत टपालाने पोलीस अधीक्षकांना. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी. दुसऱ्या स्टेशनच्या हद्दीतली घटना म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंद करावीच लागते.

---

परिचारिका_दक्षिण

जुवारीकाठ, ते पान पंचायतीच्या फलकावर लावू नका, तिथे तोही वाचतो आणि निमित्ताची बेल कळून जाते. फलकावर फक्त ११२, १८१ आणि १०९८. बाकीचं पान बचत गटाच्या हिशेबवहीला आतून चिकटवा, आणि आरोग्य उपकेंद्रातल्या बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला एक. तिथे ती एकटीच असते.